प्रेशर? गल्पर ईलला विचारा!

‘जाम प्रेशर आहे यार!’ हे वाक्य आपण दिवसातून चारदा तरी म्हणतोच. टार्गेटचं प्रेशर, ईएमआयचं प्रेशर, घरून लग्नाचं प्रेशर. त्यावर एचआरवाल्यांचा ठरलेला मंत्र, ‘बी अडॅप्टेबल!’ म्हणजे नक्की काय करायचं भाऊ? म्हणून म्हटलं, जिचं अख्खं आयुष्यच प्रेशरमध्ये जातं तिला या आठवड्यात गाठू या. भेटा, गल्पर ईलला!

आपल्या मासळीबाजारात नदीतला वाम मिळतो ना, लांबुळका, सापासारखा? तो दिसतो ईलसारखा, पण खऱ्या ईलच्या खानदानातला नाही. गल्पर मात्र अस्सल. मुक्काम मुख्यतः समुद्रात ५०० ते ३००० मीटर खोल. ३००० मीटर म्हणजे झीरो माइलपासून साधारण शंकरनगर चौक, फक्त सरळ खाली! हजार मीटरच्या पुढे सूर्यप्रकाश शून्य. आपण मे महिन्यात ४५ डिग्रीत भाजून निघतो, तिथे तळाकडे बारा महिने दोन-चार डिग्री. आणि प्रेशर? दर १० मीटरला हवेच्या दाबाइतकं वाढत जातं. ३००० मीटरवर इथल्या तीनशे पट!

माणसाला तिथे जायचं तर काय लागतं बघा. आपल्या ‘मत्स्य ६०००’ पाणबुडीत तीन जणांना बसवणारा टायटॅनियमचा गोळा आहे, ८० मिलिमीटर जाड. ईलकडे कसलंही चिलखत नाही. तिची आयडिया उलटी आहे. दाब चेपतो तो हवेच्या पोकळीला. बऱ्याच माशांच्या पोटात तरंगण्यासाठी हवेची पिशवी असते, हिच्याकडे ती नाहीच. चेपायला काही उरलंच नाही, विषय संपला!

खवले नाहीत, बरगड्या नाहीत, पोटाकडचे पर नाहीत. स्नायू पाणचट, डोळे टिचभर. तिथे खायला मिळायची मारामार, त्यामुळे शरीर पोसण्याचा खर्चच कमी. सगळं बजेट लागलंय तोंडावर. कवटी इवलीशी आणि जबडा तिच्या कित्येक पट लांब. पेलिकनच्या चोचीखाली असते तशी पिशवी. ती फुग्यासारखी फुगते, भक्ष्य पाण्यासकट आत जातं आणि पाणी कल्ल्यांमधून बाहेर. २०१८ साली हवाईजवळच्या समुद्रात संशोधकांच्या कॅमेऱ्यासमोर एका ईलने तोंड असं फुगवलं, की बघणारे लोक चाट पडले. आणि एवढ्या जबड्याने खाते काय, तर मुख्यतः बारीक कोळंबीसारखे जीव! शेपटीच्या टोकाला गुलाबी दिवासुद्धा आहे.

अजून एक गंमत. खोल समुद्रातल्या माशांच्या शरीरात एक रसायन भरपूर असतं, टीएमएओ. दाबाखाली प्रथिनांचा आकार बिघडू नये म्हणून ते राखण करतं. मासे शिळे झाले की जो वास सुटतो ना, तो याच रसायनाच्या विघटनाचा!

आता मुद्द्याचं. हे सगळं ईलने एका अप्रेझलपुरतं केलेलं नाही. त्यात अगणित पिढ्या गेल्यात. आणि किंमतही मोजली आहे. उथळ, उजेडाच्या पाण्यात हे शरीर काही कामाचं नाही.

माझी एक मैत्रीण तीन वर्षं नाइट शिफ्ट करत होती. ‘होईल गं सवय,’ असं तिला टीम लीडपासून मावशीपर्यंत सगळ्यांनी ऐकवलं. सवय झाली नाही. झोप गेली, पित्त वाढलं, रविवारी मित्रमंडळी तर्री पोहे खायला निघायची तेव्हा ही पडदे ओढून पडलेली. रात्रपाळीमुळे शरीराचं घड्याळ बिघडतं, आणि तिच्यामुळे कॅन्सरचा धोका वाढण्याची शक्यता आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये नोंदवलंय. आपण दिवसाचे प्राणी आहोत, बाप्पा! तीन वर्षांत आपल्या शेपटीला दिवा लागत नसतो.

गेल्या महिन्यात तिने डे शिफ्ट मागून घेतली. नाइट अलाउन्स गेला, झोप परत आली. तिला विचारलं तर म्हणते, सौदा स्वस्तात पडला.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘अडॅप्ट हो’ म्हणालं तर लगेच मान डोलावू नका. एकच प्रश्न विचारा, ‘बदल्यात सोडायचं काय?’ प्रमोशनसाठी शनिवार सोडायचा की पाठीचा कणा, हे आपलं आपण ठरवलेलं बरं. ईलला ती चॉइस नव्हती, आपल्याला आहे!