सपाट रस्त्यांची सायकल

पालघर-बोईसर पट्ट्यात राहणाऱ्या आणि सकाळ-संध्याकाळ डांबरी रस्त्यावरच फिरणाऱ्या माणसाला एकवीस गिअरच्या सायकलीची काही गरज नाही, असं माझं ठाम मत आहे. ऑफिसात आणि सोसायटीत ते इतक्या वेळा मांडून झालंय की हल्ली लोक विचारतानाच म्हणतात, "गिअर नको हे कळलं, पुढचं बोल." तर हे पुढचं.

आधी भूगोल बघू. मनोरवरून जव्हारकडे चढायचं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे गिअर हवेतच. पण रेल्वेलाइन आणि समुद्र यांच्यामधला आपला भाग परातीसारखा सपाट आहे. पालघरहून माहीम-केळवे घ्या, शिरगाव-सातपाटी घ्या, नाहीतर बोईसरहून पास्थळवरून चिंचणी-तारापूर. चढ म्हणायचा तर एखादा पूल. आपला खरा चढ म्हणजे वारा! दुपारनंतर समुद्राकडून येणारा वारा चिंचणीला जाताना थेट छातीवर बसतो. पण त्यावर उपाय गिअरचा नाही, सकाळी लवकर निघण्याचा आहे.

आता थोडं गणित (सवय, दुसरं काय). माझ्या सायकलीला पुढे ४४ दाते आणि मागे १८. म्हणजे पॅडलच्या एका फेरीत मागचं चाक साधारण २.४४ वेळा फिरतं. २८ इंची चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या जरा आत, म्हणजे एका फेरीला सुमारे साडेपाच मीटर. मिनिटाला ५० फेऱ्या मारल्या, ज्यात दमही लागत नाही, तर ताशी १६ किलोमीटर होतात. ६० मारल्या तर जवळपास २०. फिरायला निघालेल्या माणसाला याहून जास्त वेग कशाला हवा? एकवीसातले बरेचसे गिअर एकमेकांच्या इतके जवळ असतात की आकडा मोठा दिसतो आणि फरक थोडा पडतो. सॉफ्टवेअरच्या खोक्यावर छापलेल्या फीचर्सच्या यादीसारखंच हे. यादी विकण्यासाठी असते, वापरण्यासाठी नाही.

गिअरसोबत येतो पुढचा शॉकअप. स्वस्त सायकलीतला शॉकअप म्हणजे नळीत घातलेली स्प्रिंग. वजन वाढतं आणि उभं राहून पॅडल मारलं की जोर रस्त्यात जाण्याऐवजी स्प्रिंगमध्ये जातो. मातीसाठी केलेल्या गोट्यागोट्यांच्या टायरचंही तसंच, डांबरावर नुसती घरघर करतात. पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यांचं काय, असं विचाराल. त्यासाठी गुळगुळीत पण जरा रुंद टायर घ्यावा, ३५ ते ४० मिलिमीटरचा, आणि टायरवर लिहिलंय तेवढीच हवा भरावी. काही पंक्चरवाले टायर दगडासारखा ठणठणीत करून देतात, मग प्रत्येक खड्डा कंबरेत मोजता येतो.

आणि गंज. समुद्राची खारी हवा आणि चार महिने पाऊस, यात ज्या सायकलीला जितके छोटे, उघडे, स्प्रिंगवाले भाग जास्त तितकी तिची दुरुस्ती जास्त. आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली तीन-चार चकचकीत गिअरवाल्या सायकली उभ्या आहेत, सगळ्यांच्या चेन तांबूस. मालक काही आळशी नाहीत. एकदा गिअर अडकला, एकदा चेन उतरून हात काळे झाले, की पुढच्या रविवारी माणूस स्कूटरची किल्ली घेतो.

या सगळ्याचं उत्तर खरं तर आपल्या डोळ्यांसमोरून रोज जातं. सकाळची पाळी सुरू व्हायच्या सुमारास बोईसरच्या एमआयडीसी रस्त्यावर जरा उभं राहून बघा. काळी, सरळ हँडलची, पूर्ण चेनकव्हरची सायकल, मागे कॅरिअरला डबा. ऊन असो की पाऊस, ती माणसं वर्षाचे बाराही महिने चालवतात. तुम्हा-आम्हा रविवारच्या फिरस्त्यांपेक्षा त्यांना सायकलीतलं जास्त कळतं, कारण ती बंद पडली तर पाळी चुकते. पण दुकानात जाऊन ती सायकल दाखवली की आपल्यातले लोक हळूच म्हणतात, "अहो, ती वॉचमनची सायकल..." माझ्या मते गिअरचा निम्मा धंदा या एका वाक्यावर चालतो. लोक चार-पाच हजार जास्त मोजतात ते वॉचमन दिसू नये म्हणून. ज्यांना हे वाक्य लागू होतं ते त्याच रस्त्यावर आपल्या बाजूने जात असतात, याचं कुणालाच काही वाटत नाही.

याच रस्त्यावर रसायनांचे टँकर आणि ट्रकही धावतात. वेगळा सायकलमार्ग नाही, डांबराची कड हाच आपला मार्ग. म्हणून बसण्याची पद्धत मला गिअरपेक्षा फार महत्त्वाची वाटते. खाली वाकवणाऱ्या हँडलमुळे नजर पुढच्या चाकावर राहते. ताठ बसलात तर लांबचं दिसतं, मान वळवून मागचा टँकर बघता येतो, टँकरवाल्यालाही तुम्ही दिसता. टाच पॅडलवर ठेवल्यावर पाय जेमतेम सरळ व्हावा, एवढी सीट उंच असावी. गर्दीत चालवणार असाल तर त्याहून बोटभर खाली, म्हणजे पाय पटकन टेकतो. कानात गाणी अजिबात नकोत.

काळ्या सायकलीचा एक दोष मात्र मान्य करायला हवा, तो म्हणजे दांड्याचे ब्रेक. ओल्या स्टीलच्या रिमवर ते लागता लागता लागतात, आणि जुलैत टँकरच्या मागे ही गंमत नाही. म्हणून शक्य असेल तर ॲल्युमिनियमची रिम आणि केबलचे ब्रेक असलेली, बिनशॉकअपची, एकाच गिअरची शहरी सायकल घ्या, आणि मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर, स्टँड हे सगळं तिच्यावर आहे ना ते बघा. "नंतर बसवून देतो" म्हटलं तर दुकान बदला. जुनी काळीच आवडली तर पावसात हळू चालवा, बस्स.

बायकोसाठी बघताना दुकानदार तिलाही आडव्या दांडीचीच सायकल दाखवत होता, "आता लेडीज कोण घेतं मॅडम!" तिने लेडीजच घेतली. साडी असो, गुडघे कुरकुरत असोत, बाजाराची पिशवी कॅरिअरला असो, पाय मागून फिरवावा लागत नाही. साठीच्या पुरुषांनाही मी हीच सुचवतो, आणि ते ऐकत नाहीत. इथेही आड येते ती लाजच.

एक बघायला विसरू नका, चाकाचा माप-आकडा. टायरच्या कडेला ४०-६३५ किंवा ३७-६२२ असं काहीतरी लिहिलेलं असतं. दुसरा आकडा म्हणजे रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. नुसतं "२८ इंची" म्हणून टायर आणला की हमखास गोंधळ, कारण हे दोन्ही २८ इंचीच म्हणवले जातात. घ्यायच्या आधी घराजवळच्या पंक्चरवाल्याला विचारा, या मापाची ट्यूब असते का, या वॉल्व्हला त्याचा पंप लागतो का. जुन्या वॉलट्यूबवाल्या वॉल्व्हचं सामान कुठेही मिळतं. बारीक तोंडाच्या परदेशी वॉल्व्हला मात्र केळव्यात हवा कोण भरणार?

ब्रँडचा फार विचार करू नका. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला, नेमका जागतिक सायकल दिनी. पण साध्या सायकलीचे सुटे भाग एकाच कंपनीवर अडून नसतात, हाच तर तिचा फायदा.

पहिल्या आठवड्यात सराव करायचा तर सिडकोने कोळगावला बांधलेल्या जिल्हा मुख्यालयाकडे रविवारी सकाळी जा, कार्यालयं बंद असतात. वाचलेल्या पैशांत मागचा लाल दिवा, पुढचा पांढरा दिवा, खणखणीत घंटी आणि जाड कुलूप येतं. उरलेच तर पावसाळा संपल्यावर दोन्ही चाकांचे छर्रे काढून ग्रीस भरून घ्या, आणि जमल्यास रिमचा आउटही काढून घ्या.