भवानी तलवार खरी का?

शिवजयंती जवळ आली की आपल्या वर्गात हा प्रश्न हमखास निघतो. देवीने शिवाजी महाराजांना खरंच तलवार दिली का? काही पालक ठासून "हो" म्हणतात, काही "अरे, गोष्ट आहे ती" म्हणून विषय संपवतात. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात.

इथली मुले आर्थर राजाची एक्सकॅलिबर आणि हॅरी पॉटरमधली ग्रिफिंडोरची तलवार वाचून येतात. भवानी तलवारही ती त्याच कप्प्यात टाकतात, आणि हळूच महाराजांनाही! महाराज मात्र आर्थरसारखे धूसर नाहीत. ते १६८० साली गेले. त्यांची पत्रे आहेत, किल्ले उभे आहेत.

मुलांना कथा सांगाच, पण ती कुठून आली तेही सांगा. महाराजांच्याच पदरी असलेल्या कवींद्र परमानंदांनी 'शिवभारत' हे संस्कृत काव्य रचले. त्यात १६५९ च्या अफझलखान प्रसंगी देवी महाराजांच्या तलवारीत वास करते. म्हणजे ही कल्पना शे-दोनशे वर्षांनी कोणी चिकटवलेली नाही. तुळजापूरला आजही नवरात्रात देवीची भवानी तलवार अलंकार पूजा बांधतात.

आता पोलादाकडे या. त्या काळी पोर्तुगीजांमार्फत युरोपातली लांब, सरळ पाती आपल्याकडे येत. त्यांना आपली मूठ बसवली की झाली 'फिरंग'. महाराजांची तलवारही अशीच असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. हे ऐकून काही आई-बाबांचा चेहरा उतरतो. का उतरावा? चांगले पोलाद जिथे मिळेल तिथून घेणारा राजा मला तरी जास्त मोठा वाटतो. देवीवरची श्रद्धा आणि पात्याची पारख, दोन्ही त्याच्याकडे होत्या.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखे जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या कराराने साताऱ्याला आली. ती अफझलखानाच्या वेळचीच आहेत याची खात्री देता येत नाही, असे म्युझियमच म्हणते. लोक तरी बघायला गेलेच.

आपल्याला साताऱ्यापर्यंत जायला नको. डेट्रॉइटच्या इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्समध्ये, ग्रेट हॉलमध्ये, युरोपी चिलखते मांडली आहेत. पाऊण तासाचा रस्ता. एखाद्या रविवारी मुलांना न्या, ते पोलाद दाखवा. आणि भवानीची गोष्ट गाडीत सांगा, मराठीत.