सुटींत कोणत्या समुद्रकिनाऱ्यास जावें?

परीक्षा आटोपून सुटीचे वेध लागले कीं आमच्या वर्गांतून एकच चर्चा ऐकूं येते: यंदा कोठें जावयाचें? पूर्वीं या प्रश्नाचें उत्तर मामाचें गांव, माथेरान किंवा महाबळेश्वर असें येत असे. अलीकडे तें बदललें आहे. मुलांस आतां समुद्र हवा. आणि तोही नुसता पाहावयास नव्हे, तर डोळ्यांवर कांचेचा मुखवटा चढवून व तोंडांत नळी धरून त्याचा तळ न्याहाळावयास, किंवा फळीवर उभें राहून लाटेवर स्वार व्हावयास. पहिल्या प्रकारास स्नॉर्केलिंग व दुसऱ्यास सर्फिंग म्हणतात, हें विद्यार्थ्यांस सांगावयास नको. पालकवर्गासाठीं म्हणून सांगितलें. मोबाईलच्या पडद्यावर निळेंशार पाणी, पांढरी वाळू आणि वांकलेला एखादा माड दिसला कीं किनारा 'ठरतो'. आमचें म्हणणें असें कीं किनारा निवडण्याची ही रीत चुकीची आहे. आणि समुद्राच्या बाबतींत चुकीच्या निवडीची किंमत पैशांतच द्यावी लागते असें नाहीं.

दारीं समुद्र असतां मालवणास किंवा अंदमानास कशास जावें, असा प्रश्न कित्येक पालक करितात. प्रश्न रास्त आहे. परंतु तळ पाहण्याच्या खेळास आपला समुद्र निरुपयोगी आहे, हें मान्य केलें पाहिजे. आपल्या तालुक्याच्या उत्तरेस वैतरणा व दक्षिणेस उल्हास नदीचा फांटा, म्हणजे वसईची खाडी, समुद्रास मिळते. दोन्ही पाण्यांबरोबर गाळ येतो. त्यांत आपला किनारा उथळ व मंद उताराचा, आणि उधाणाच्या वेळीं पाणी चार मीटरांच्या आसपास चढतें-उतरतें. एवढें पाणी दिवसांतून दोनदां आंत-बाहेर होऊं लागलें म्हणजे गाळ खालीं बसावा कधीं? अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगांव, कोठेंही कंबरभर पाण्यांत उभें राहा, स्वतःचे पाय दिसणार नाहींत. याच गढूळ पाण्यानें आपल्याला बोंबील दिला, तेव्हां त्याची निंदा करण्याचें कारण नाहीं. पण मुखवटा विकत घेऊन तेथें जाणें हा शुद्ध वेडेपणा होय.

फळीच्या खेळाचेंही तसेंच. पावसाळ्यांत आपल्याकडे लाटा प्रचंड येतात, परंतु त्या वाऱ्यानें अस्ताव्यस्त झालेल्या असतात. एकीमागून एक, शिस्तीनें येणारी लाट ती ही नव्हे. शिवाय १ जून ते ३१ जुलै या काळांत सरकारी नियमानें मासेमारीच बंद असते. ज्या समुद्रांत आमचे नाखवे आपलीं गलबतें घालीत नाहींत, त्यांत एखाद्या मुलानें फळी घेऊन उतरावें काय?

मग आपल्या किनाऱ्याचा उपयोग काय? आमच्या मतें फार मोठा आहे. समुद्र वाचावयास शिकण्याची ती शाळा आहे. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांस अंदमानाचीं बेटें नकाशावर दाखवितां येतात, पण आज भरती किती वाजतां हें सांगतां येत नाहीं. आणि त्यांचे आजोबा घड्याळ न पाहतां तें सांगत. कोंकणपट्टींतील हिशेब अगदीं सोपा आहे: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीचा तास निघतो. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा. सकाळीं सहाच्या सुमारास भरती, दुपारीं बाराच्या सुमारास ओहोटी, सायंकाळीं पुन्हां भरती. पौर्णिमेस पंधराची पाऊणपट सव्वा अकरा. म्हणजे भर दुपारच्या आधीं भरती आणि सायंकाळीं साडेपांचच्या सुमारास पाणी दूर गेलेलें. अमावास्या-पौर्णिमेस उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. उधाणांत पाणी जोरानें खेळतें, भांगांत मंदावतें. वेळेंत थोडा फरक पडतो. परंतु मुलांस घेऊन निघणाऱ्या पालकास एवढा अंदाज पुरेसा आहे.

आतां या हिशेबानें होळीकडे पाहा. होळी नेहमीं पौर्णिमेची, म्हणून धुळवडीस उधाण ठरलेलें. रंग खेळून झाल्यावर लोक दुपारीं समुद्रावर जातात, म्हणजे नेमके पाणी वेगानें बाहेर जात असतां. २०१९ सालच्या धुळवडीस कळंबच्या किनाऱ्यावर पांच जण बुडाले. त्याच्या तीन वर्षें आधीं, १ फेब्रुवारी २०१६ रोजीं, मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर सहलीस आलेले पुण्याच्या एका महाविद्यालयाचे चौदा विद्यार्थी बुडाले. पावसाळा नव्हता. शिकलेलीं, धडधाकट मुलें होतीं. अशीं वर्तमानपत्रें हातीं आलीं कीं घरोघर एकच हुकूम सुटतो: समुद्रावर पाय ठेवूं नकोस!

या हुकुमाशीं आमचा मतभेद आहे. आईबापांची भीति आम्हांस समजते. पण मनाईनें मूल समुद्रापासून दूर राहत नाहीं, तें फक्त तुमच्या डोळ्यांपासून दूर जातें. सोळाव्या वर्षीं तें मित्रांबरोबर जातेंच, आणि जातें तें पोहण्याचें ज्ञान नसतां. वसईच्या वाड्यांतून पूर्वीं जागोजाग बावखलें होतीं. वाडीच्या शिंपणासाठीं राखलेल्या त्या तळ्यांत पाठीस वाळलेला भोपळा बांधून पोरें हातपाय मारीत, आणि दोन उन्हाळ्यांत पट्टीचीं पोहणारीं होत. पुष्कळ बावखलें आतां बुजलीं. त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. आणि ज्या गांवीं तीन बाजूंनीं पाणी आहे तेथील मुलांस पोहतां येईनासें झालें. सहलीवर पैसे खर्च करण्यास तयार असलेल्या पालकानें त्यांतील थोडा भाग आधीं पोहण्याच्या शिक्षकास द्यावा, असें आम्ही स्पष्टपणें सुचवितों. फुगवलेलें जाकीट अंगावर असल्यास न पोहणाऱ्यासही तरंगतां येतें, हें खरें. परंतु नाकातोंडांत खारें पाणी जातांच जो गडबडतो त्यास जाकीट धीर देत नाहीं.

लाटेवरील फळीचा खेळ हवाई बेटांचा. १८२० सालीं तेथें गेलेल्या अमेरिकन मिशनरी मंडळींस तो फारसा रुचला नाहीं. आम्हां शिक्षकांसही मुलांचे सगळे खेळ कोठें रुचतात! पुढें या खेळास जगभर नांव मिळवून दिलें तें ड्यूक कहानामोकू यानें. हा गृहस्थ आधीं जलतरणपटु होता: १९१२ सालीं स्टॉकहोमच्या ऑलिंपिक सामन्यांत त्यानें शंभर मीटरांच्या शर्यतींत सुवर्णपदक जिंकलें, आणि त्यानंतर ऑस्ट्रेलियांत जाऊन तेथील लोकांस फळीचा खेळ दाखविला. १९२५ सालीं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापाशीं एक नौका उलटली, तेव्हां याच फळीवरून ये-जा करून त्यानें आठ जणांचे प्राण वांचविले. आमच्या मुलांस त्याचें फळीवर उभें असलेलें चित्र ठाऊक असतें. त्याच्या पोहण्याचें मात्र कोणी नांव काढीत नाहीं.

पोहणें आलें, तर पुढें कोठें जावें? पहिल्या खेपेस आमचा कौल मालवणास. तेथें समुद्राचा तळ खडकाळ आहे, भरती-ओहोटीचा फरक आपल्यापेक्षां पुष्कळ कमी, आणि शिवाजीमहाराजांनीं १६६४ सालीं बांधावयास घेतलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहेत. १९८७ सालीं हा सागरी भाग अभयारण्य म्हणून जाहीर झाला. कोंकण रेल्वेनें कुडाळास उतरावें व पुढें मोटारीनें जावें. जवळच तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची पाण्याखालीं बुडी मारण्याचें शिक्षण देणारी संस्था आहे.

शास्त्राच्या तासाचें थोडें येथें कामास येतें. पाण्यांत उघड्या डोळ्यांस अंधुक दिसतें, कारण डोळ्याचें बुबुळ व पाणी यांची प्रकाश वांकविण्याची शक्ति जवळजवळ सारखी आहे. मुखवट्यांतील हवेच्या थरामुळें डोळा पुन्हां आपलें काम करूं लागतो. त्यांतून वस्तु सुमारें एक तृतीयांश मोठी भासते, तेव्हां घरीं परतल्यावर सांगितलेल्या माशाची लांबी त्या मानानें कमी करून ऐकावी! नळी वीतभर-दीडवीतच कां, लांब कां नाहीं, असें मुलें विचारतात. थोडें खोल जातांच पाण्याचा दाब छातीवर एवढा पडतो कीं वरची हवा आंत ओढवत नाहीं, आणि लांब नळींत सोडलेला श्वासच पुन्हां घेतला जातो. म्हणून घरीं नळीस नळी जोडण्याचा उद्योग कोणीं करूं नये.

मालवणास जावयाचें तें केव्हां, यावर मात्र सारें अवलंबून आहे. पालक मेची सुटी धरितात, आणि तेथेंच चुकतात. मेच्या उत्तरार्धांत वारा वाढूं लागतो व पाणी ढवळतें. मेअखेर नौकाविहार बंद होतो. २४ मे २०२२ रोजीं तारकर्लीजवळ बुडी मारून परतणाऱ्या प्रवाशांची एक नौका उलटून दोघे दगावले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. नाताळांत आमच्या वसईचें माणूस घर सोडून जात नाहीं, उलट जगाच्या पाठीवर असेल तेथून घरीं येतें. म्हणून दिवाळीची सुटी उत्तम. त्यांतही लक्ष्मीपूजन अमावास्येस, म्हणजे उधाण. सण घरीं करून आठवड्यानें, भांगाच्या दिवसांत पोंचावें, म्हणजे पाणी त्यांतल्या त्यांत निवळ मिळेल. गर्दी आणि भाडें दोन्ही कमी असतात, हा वरकड लाभ.

फळीचा खेळ शिकावयाचा तर कर्नाटकांत मंगळूरच्या उत्तरेस मुल्की येथें, शांभवी नदीच्या मुखाशीं, तो शिकविणारे लोक आहेत. गोव्यांतही शिकवितात, आणि तेथें किनाऱ्यांवर २००८ पासून जीवरक्षकांची पद्धतशीर व्यवस्था आहे, ही गोष्ट आम्ही निळ्या पाण्याहून मोठी मानतों. लक्षद्वीप व अंदमान येथील प्रवाळ अर्थातच सर्वांत सुंदर. परंतु लक्षद्वीपास परवाना लागतो, अंदमानास विमानाचा खर्च. पहिलीच नळी तोंडांत धरण्यासाठीं एवढ्या दूर जाणें आम्हांस पटत नाहीं.

कोठेंही गेलां तरी आधीं जीवरक्षक कोठें उभा आहे तें पाहावें. स्वच्छ पाणी, सुरक्षितता व व्यवस्था तपासून किनाऱ्यास निळा ध्वज देण्याची एक आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. २०२० सालीं भारतांतील ज्या पहिल्या आठ किनाऱ्यांस तो मिळाला, त्यांत गुजरात, दीव, कर्नाटक, केरळ, आंध्र, ओरिसा व अंदमान होते. सातशें किलोमीटरांहून लांब किनारा असलेल्या महाराष्ट्राचा एकही नव्हता. हें आपल्या सरकारास व नगरपालिकांस भूषणावह नाहीं.

आणखी एक ओळख मुलांस हवी. लाटांनीं किनाऱ्यावर आणून टाकलेलें पाणी कोठून तरी परत जातें. पुष्कळदां तें एखाद्या अरुंद वाटेनें वेगानें समुद्राकडे धांवतें. त्या वाटेवर लाटा फारशा फुटत नाहींत, म्हणून नवख्यास तीच जागा शांत वाटते व तो नेमका तेथें उतरतो. अशा ओढींत सांपडल्यास किनाऱ्याकडे तोंड करून झगडूं नये. उताणें तरंगत राहावें, हात वर करून मदत मागावी, आणि बळ असल्यास किनाऱ्याशीं समांतर पोहत ओढीबाहेर पडावें. कांठावर असलेल्यानें स्वतः उडी न घेतां दोर, रिकामा डबा, जें तरंगेल तें फेकावें. एकास काढावयास गेलेला दुसरा बुडतो, हें फार वेळां घडतें.

प्रवाळाविषयीं थोडेंसें. तो दगड नव्हे, सजीव आहे. पाय टेकल्यानें मोडतो व वाढावयास वर्षें लागतात. वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं तो तोडणें किंवा घरीं आणणें गुन्हा आहे. कपाटांत ठेवण्यासाठीं तुकडा विकत देऊं करणारा भेटल्यास नाहीं म्हणावें.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं जे कोणी येत्या दिवाळींत मालवणास जातील त्यांनीं परतल्यावर पुढील अंकासाठीं आम्हांस लिहून द्यावें: तिथी कोणती होती, वारा कोणता होता, आणि पाण्यांत किती हातांपर्यंत दिसलें. माशांचीं नांवें तेथील कोळ्यांस विचारून लिहावीं. फोटो नसला तरी चालेल.