गरम पाण्याची सोय आणि जोडणीची जबाबदारी

विजेवर पाणी तापविण्याचे यंत्र, ज्याला घरोघरी 'गीझर' म्हणतात ते, महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरात आता चैनीची वस्तू राहिलेले नाही. सकाळच्या शाळेचा शिक्षक, लोकल गाठणारा कारकून आणि परीक्षेच्या दिवसांतील विद्यार्थी या सर्वांची सकाळ त्याच्यापासून सुरू होते. परंतु ही वस्तू घेताना जो विचार होतो तो किमतीचा, लिटरचा, कंपनीच्या नावाचा आणि फार तर वीजबचतीच्या ताऱ्यांचा. ती भिंतीवर कोण बसविणार, तिच्यासाठी वायर कोठून येणार, अर्थिंगची वायर जमिनीपर्यंत खरोखर पोहोचते की नाही, हे प्रश्न दुकानात कोणी विचारीत नाही आणि घरी आल्यावर त्यांचे उत्तर देण्यास कोणी उरत नाही. हिवाळ्यात न्हाणीघरात विजेचा धक्का बसून कोणी दगावल्याची बातमी एखाद्या कोपऱ्यात येते, तेव्हा दोष यंत्राला किंवा दैवाला दिला जातो. वस्तुतः असा दोष पुष्कळदा ना यंत्राचा असतो, ना दैवाचा. तो जोडणीचा असतो. आणि जोडणी ही आपल्याकडे कोणाचीच जबाबदारी नाही, हे या प्रश्नाचे खरे मूळ आहे.

बंब आणि गीझर

दोन पिढ्यांपूर्वी घराच्या मागील दारी तांब्याचा बंब असे. मधल्या नळीत लाकडे किंवा गोवऱ्या पेटवाव्यात, वरून गार पाणी ओतावे आणि तोटीतून कढत पाणी बाहेर पडावे, अशी त्याची रचना. धुराने डोळे चुरचुरत, हात भाजत, हे खरे. पण बंब वरून उघडा होता. त्यात वाफ कोंडून राहण्याचा प्रश्न नव्हता. त्याचा धोका डोळ्यांना दिसे, म्हणून लहान मुलालाही त्याच्याशी कसे वागावे हे वेगळे शिकवावे लागत नसे.

गीझरची गोष्ट नेमकी उलट आहे. त्याची टाकी बंद असते, तिच्यातील पाणी दाबाखाली असते आणि तापविणारी शक्ती अदृश्य असते. धोका दिसत नाही म्हणून तो नाही, असा समज होतो. बंबाची राख काढणे हे रोजचे काम होते. गीझरकडे मात्र पाणी तापेनासे होईपर्यंत वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. साधन बदलले, पण साधनाबरोबर यावयास हवी ती शिस्त आली नाही.

अर्थिंगचे साधे गणित

पंधरा लिटरचा सर्वसाधारण गीझर 2,000 वॉटचा असतो. 230 व्होल्टच्या पुरवठ्यावर तो सुमारे 8.7 अँपिअर प्रवाह घेतो आणि वीस अंशांचे पाणी साठ अंशांपर्यंत नेण्यास त्याला वीस-बावीस मिनिटे लागतात. एवढा प्रवाह इतका वेळ वाहून नेण्यासाठी योग्य जाडीची तांब्याची स्वतंत्र वायर आणि सोळा अँपिअरचे सॉकेट लागते. सहा अँपिअरच्या सॉकेटवर किंवा बारीक वायरच्या एक्स्टेन्शनवर तो चालविला, तर पाण्याबरोबर वायरही तापते. इतके बहुतेकांना ठाऊक असते. त्यापुढील गणित मात्र फारसे कोणी करीत नाही.

गीझरच्या आतील तापणारी तार एका धातूच्या नळीत असते आणि तार व नळी यांच्यामध्ये विद्युतरोधक भुकटी भरलेली असते. बोअरचे जड पाणी वापरात असेल तर नळीवर क्षारांचा थर चढतो, ती प्रमाणाबाहेर तापते आणि कालांतराने तिला तडा जातो. मग ओल आत शिरते आणि वीज टाकीत, पाण्यात आणि धातूच्या नळात उतरते. अशा वेळी अर्थिंग चांगले असेल तर मोठा प्रवाह सरळ जमिनीत जातो आणि एमसीबी ताबडतोब पडतो. पण अर्थिंगचा खड्डा कोरडा पडून त्याच्या मार्गातील रोध वीस ओहम झाला असेल तर काय होईल? 230 भागिले 20, म्हणजे साडेअकरा अँपिअर. सोळा अँपिअरचा एमसीबी एवढ्याने पडणार नाही, आणि टाकी जवळजवळ पूर्ण दाबाने 'जिवंत' राहील. ओल्या अंगाच्या माणसाच्या शरीराचा रोध ढोबळ मानाने एक हजार ओहम धरला, तर त्याच्यातून जाणारा प्रवाह पाव अँपिअरच्या आसपास भरतो. प्राण घेण्यास तो पुरेसा आहे. एमसीबीच्या दृष्टीने मात्र तो हिशेबातही न येणारा आहे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. एमसीबी हा वायरचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. माणसाचे रक्षण करणारे साधन वेगळे आहे आणि त्याचे नाव आरसीसीबी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परत आला की नाही, हे ते सतत ताडून पाहते, आणि तीस मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरच्या तीन शतांश इतकी तफावत पडली की सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडते. मात्र ते अर्थिंगची जागा घेत नाही. दोन्ही असावीत, आणि दोन्ही चालू स्थितीत असावीत.

अर्थिंगच्या नावाखाली जे प्रकार चालतात ते अंगावर काटा आणणारे आहेत. सॉकेटमधील अर्थचे टोक न्यूट्रलला जोडून देणे, हा त्यांतील सर्वांत घातक प्रकार. टेस्टर लावला तर सारे ठीक दिसते. पण मागे कोठे न्यूट्रल तुटली की यंत्राचे संपूर्ण अंग फेजवर येते. दुसरा प्रकार पाण्याच्या नळाला अर्थ जोडण्याचा. लोखंडी नळांच्या काळातही तो चूकच होता, कारण एका घरातील गळती शेजाऱ्याच्या नळात उतरण्याचा संभव असे. आता तर नूतनीकरणात लोखंडी नळ जाऊन प्लॅस्टिकचे आले. नळामुळे नकळत मिळणारा जमिनीचा आधार त्याबरोबर गेला, आणि तो गेल्याचे घरमालकाला कोणी सांगितले नाही. तिसरी बाब स्विचची. 'आंघोळीपूर्वी बटण बंद करा' हा सल्ला योग्यच आहे. परंतु फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले गेले असतील आणि बटण एकाच तारेचे असेल, तर ते बंद करूनही फेज गीझरपर्यंत पोहोचलेलीच राहते. दोन्ही तारा तोडणारा डबल पोल स्विच, आणि तोही न्हाणीघराच्या बाहेर, ही म्हणूनच चैन नव्हे, गरज आहे.

कोंडलेल्या पाण्याचा दाब

विजेनंतर दाब. वीस अंशांचे पंधरा लिटर पाणी साठ अंशांवर नेले की ते सुमारे पाव लिटरने फुगते. या वाढलेल्या पाण्याला वाट हवी. ती मिळाली नाही तर टाकीतील दाब वाढत जातो. थर्मोस्टॅट बिघडला आणि त्याच्या पाठीमागचा तापमानाचा कट-आउटही निकामी झाला, तर पाणी शंभर अंशांपलीकडे जाऊनही दाबामुळे पाणीच राहते. टाकी फुटते त्या क्षणी त्यातील काही भागाची एकदम वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशेपटींहून अधिक जागा लागते. गीझरचा 'स्फोट' म्हणतात तो हा. त्याला प्रतिबंध करण्यासाठी सेफ्टी व्हॉल्व्ह दिलेला असतो. पण त्यातून अधूनमधून थेंब ठिबकतात आणि फरशी ओली होते, म्हणून त्याला बूच मारणारे कारागीर आहेत आणि तसे करावयास सांगणारे घरमालकही आहेत. जे ठिबकणे यंत्र नीट चालल्याची खूण आहे, तोच दोष समजून बंद केला जातो. उंच इमारतींत आणखी एक बाब येते. दर दहा मीटर उंचीमागे पाण्याचा दाब सुमारे एक बारने वाढतो. वीस मजली इमारतीत दाब कमी करण्याची योजना नसेल, तर खालच्या मजल्यावर तो सहा बारपर्यंत जाऊ शकतो. टाकी किती दाबासाठी बनविली आहे, हे पाहून ती घेणारे ग्राहक किती असतील?

कायदा आहे, पण फट राहिली

नियम नाहीत असे नाही. साठवणीच्या गीझरसाठी आयएस 2082 हे भारतीय मानक आहे, आणि केंद्र सरकारच्या 2003 च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने त्यावर आयएसआय चिन्ह सक्तीचे केले. भारतीय विद्युत नियम, 1956 मधील 45 व्या नियमाने विजेच्या जोडणीचे काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच व्हावे असे सांगितले. 2010 मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने नवी सुरक्षा नियमावली केली, तिची जागा 2023 च्या नियमावलीने घेतली. तत्त्व तेच राहिले. मग फट कोठे आहे? ती त्याच 45 व्या नियमाच्या अपवादात होती. जोडणीची क्षमता वा स्वरूप बदलत नसेल तर दिवे, पंखे, बटणे आणि घरगुती उपकरणे बदलण्यास परवान्याची अट नव्हती. जुना गीझर काढून तसाच नवा लावणे या अपवादात बसू शकते. पण जेथे गीझर नव्हताच तेथे नवी वायर ओढून तो लावणे बसत नाही. व्यवहारात हा भेद कोणी पाळीत नाही. विक्रेता म्हणतो, यंत्र चांगले आहे. कंपनीचा माणूस म्हणतो, यंत्र टांगणे आमचे काम, वायरिंग तुमचे. प्लंबर म्हणतो, नळ जोडले. वीज कंपनीची जबाबदारी मीटरपाशी संपते. प्रत्येक जण आपापल्या परीने खरे बोलतो आणि तरीही माणूस मरतो.

थंड देशांत या विषयाकडे कसे पाहिले जाते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. तेथे विजेचा बॉयलर पाण्याच्या नळ्यांमधून साऱ्या घराला ऊब देतो आणि बारा किलोवॉटचा बॉयलर पन्नास अँपिअरहून अधिक प्रवाह घेतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1 जानेवारी 2005 पासून घरगुती वीजजोडणी इमारत नियमांच्या कक्षेत आणण्यात आली. बॉयलरसाठी नवे सर्किट टाकले तर ते काम नोंदणीकृत तंत्रज्ञाने स्वतः प्रमाणित करावे लागते, किंवा स्थानिक प्राधिकरणाला कळवून तपासून घ्यावे लागते, आणि घरमालकाच्या हाती कागद पडतो. त्या कागदाचे महत्त्व असे, की काही बिघडले तर कोणाला विचारावयाचे हे त्यावरून कळते. आपल्या आणि त्यांच्या व्यवस्थेत फरक आहे तो मुख्यतः या कागदाचा, म्हणजेच सहीचा.

काय करता येईल?

गीझरची विक्री आणि त्याची जोडणी हे एकच कार्य मानले जावे. अर्थिंगचा रोध मोजला, आरसीसीबी चालते, सेफ्टी व्हॉल्व्ह मोकळा आहे, वायर व स्विच योग्य आहेत, एवढ्या चार ओळींचा, परवानाधारक तंत्रज्ञाच्या सहीचा दाखला मिळाल्याशिवाय हमीपत्र लागू होऊ नये. हे शासनाला आदेशाने करता येईल. सहकारी गृहनिर्माण संस्था दरवर्षी रंगरंगोटीवर आणि प्रवेशद्वारावर चर्चा करतात. त्यांनी वर्षातून एकदा इमारतीच्या अर्थिंगची तपासणी करून तिचा आकडा वार्षिक सभेपुढे ठेवावा. भाड्याच्या खोल्या आणि वसतिगृहे यांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. तेथे विद्यार्थी बादलीत रॉड सोडून पाणी तापवितो आणि बोट बुडवून ते तापले का ते पाहतो. खोली त्याची नसते, वायरिंग बदलण्याचा अधिकार त्याला नसतो. जीव मात्र त्याचा असतो. अशा प्रत्येक जागेत आरसीसीबी असणे ही घरमालकाची जबाबदारी आहे, आणि भाडेकरारात तसे कलम असावयास हवे.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला खर्चाचा. पण आरसीसीबीची किंमत सामान्यतः गीझरच्या किमतीहून कमी असते आणि ती एका गीझरचे नव्हे, साऱ्या घराचे रक्षण करते. दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. परवाना नसलेले कितीतरी कारागीर या कामावर पोट भरतात आणि त्यांतील काहींचा हात पदविकाधारकापेक्षा कुशल असतो; त्यांचे काय? उत्तर त्यांना हाकलून देण्यात नाही. तारतंत्रीच्या परवान्याची परीक्षा अनुभवी कारागिराला मराठीतून, कामाच्या ठिकाणाजवळ आणि परवडणाऱ्या शुल्कात देता आली पाहिजे. कौशल्य असलेल्याला कागद मिळावा आणि कागद असलेल्याला जबाबदारी, हा त्यातील न्याय आहे.

शाळांचाही यात वाटा आहे. ओहमचा नियम नववी-दहावीच्या मुलांना तोंडपाठ असतो. त्याच मुलाला आपल्या घरातील आरसीसीबीवरचे 'टेस्ट' लिहिलेले बटण कशासाठी आहे हे ठाऊक नसते. ते बटण दाबल्यावर घरातील वीज गेली पाहिजे. गेली नाही, तर ते साधन भिंतीवरची शोभा आहे आणि तंत्रज्ञाला बोलावण्यास उशीर करू नये. विज्ञानाच्या शिक्षकाने एवढा एक प्रयोग गृहपाठ म्हणून दिला, तर कित्येक घरांची तपासणी एका संध्याकाळी होईल. नियम आणि दाखले येतील तेव्हा येतील; बटण दाबून पाहण्यास कोणाच्याही आदेशाची वाट पाहावी लागत नाही.