बाजरीची मांजरी झाली



मागच्या हिवाळ्यात एका गावी हरभऱ्याची शेतीशाळा चालली होती. घाटेअळीसाठी कामगंध सापळे पिकाच्या किती वर टांगायचे ते मी दाखवत होतो, तोच माझ्या खिशात कोंबडा आरवला. भर दुपारी दोन वाजता! नवखी मंडळी इकडेतिकडे पाहू लागली. मागे बसलेले एक जुनेजाणते शेतकरी म्हणाले, "साहेब, वहिनींच्या गोळीची वेळ झाली. फोन करून घ्या, आम्ही थांबतो." मी फोन लावला. तिकडून "घेतली हो" एवढेच उत्तर आले आणि आम्ही पुन्हा घाटेअळीकडे वळलो.

त्या कोंबड्याची हकिगत लिहा, असे तेव्हापासून दोघातिघांनी सुचवले. या सदरात मी एरवी बियाणे, खते आणि फवारणी यांच्या बाहेर पाऊल टाकत नाही. आज टाकतो. फवारणी मात्र यातही येणारच, तिच्यापासून आमची सुटका नाही.

२०१८ सालची कोजागरी. गच्चीवर दूध आटत होते. आमची सौ. वर बघून म्हणाली, "अहो, मला दोन चंद्र दिसतात." मी म्हणालो, "एक तुझा, एक माझा." सगळे हसले. ते हसणे आठवले की आज मलाच लाज वाटते. त्यानंतर संध्याकाळ झाली की तिची डावी पापणी मिटू लागली. मग जेवताना अर्ध्या भाकरीतच जबडा थकू लागला. वेणी घालायला हात वर केले की दोन पेडांतच खाली येत. चष्मा दोनदा बदलला. शक्तीची औषधे झाली, नजर काढून झाली, "मनाला लावून घेऊ नका" हा सल्लाही झाला.

सगळ्यांत वाईट गोष्ट अशी, की सकाळी ती ठणठणीत असायची. सकाळी विहिरीवर जाऊन येणारी बाई दिवेलागणीला पाण्याचा तांब्या उचलत नाही, हे सोंग असले पाहिजे, असे शेजारीपाजारी कुजबुजत. एकदा माझ्याही मनात ते येऊन गेले. मी तिला तसे बोललो नाही, पण तिने ते ओळखले होते.

चौदा महिन्यांनी एका तरुण डॉक्टरांनी तिला छताकडे टक लावून पाहायला सांगितले. दोन मिनिटे. पापणी आपोआप खाली आली. मग हातमोज्यात बर्फ भरून त्यांनी तो मिटल्या डोळ्यावर दोन मिनिटे धरला. पापणी उचलली गेली! मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. नंतर रक्ताची तपासणी झाली आणि नाव कळले : मायस्थेनिया ग्रेव्हिस. लाखात दहा-वीस माणसांना होणारा आजार. आमच्या पंचक्रोशीत कोणी ऐकलेलाही नव्हता.

आपल्या भाषेत सांगतो. हात उचल, असा मेंदूचा हुकूम नसेतून स्नायूपर्यंत येतो. नस आणि स्नायू जिथे भेटतात तिथे असिटाइलकोलीन नावाचे रसायन सुटते, ते स्नायूवरच्या ठरावीक जागी बसते आणि स्नायू आखडतो. या आजारात शरीराचे राखणदारच चोर समजून त्या जागा बुजवतात. हुकूम निघतो, पण तो पुरता पोचत नाही. एप्रिलमधली विहीर डोळ्यांपुढे आणा. तासभर मोटर चालली की तळ दिसतो, थांबलो की झऱ्याने पुन्हा चार हात पाणी येते. तिचे बळ असे आहे. विश्रांती मिळाली की भरते, उपसले की तळ. आणि उन्हाळा तिलाही सोसत नाही, म्हणून आमच्याकडे कूलर वैशाखाच्या आधीच बाहेर निघतो.

डॉक्टरांनी पायरिडोस्टिग्मिन नावाची गोळी दिली. ती काय करते, असे मी विचारले. ते सांगू लागले, की असिटाइलकोलीन मोडणारे एक विकर शरीरात असते, गोळी त्या विकराला थोडा वेळ अडवून धरते, मग रसायन जास्त वेळ टिकते. मी म्हणालो, "डॉक्टर, थांबा. हे तर आमचे कीटकनाशक!" ऑरगॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटातली औषधे किडीला मारतात ती याच विकराला बांधून. बी. एस्सी. अॅग्रीला पाठ केलेले पान तीस वर्षांनी असे समोर आले. डॉक्टर हसून म्हणाले, "चुलत भाऊच म्हणा. फरक मात्रेचा."

या नात्याचा धागा पश्चिम आफ्रिकेतल्या कॅलाबार नावाच्या विषारी शेंगेपर्यंत जातो. तिच्यातल्या फायझोस्टिग्मिनने १९३४ साली लंडनमधल्या ग्रीनिच इथल्या डॉ. मेरी वॉकर या बाईंनी या आजाराच्या रोग्याची पापणी उचलून दाखवली. बाणांना लावायच्या क्युरारे विषाने माणूस जसा लुळा पडतो, तशीच ही लक्षणे आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले. क्युरारेवर जे चालते ते इथेही चालावे, एवढाच त्यांचा सरळ विचार. आपण पूर्वी भाजीपाल्यावर धुरळायचो ती कार्बारिलची भुकटी त्याच कुळातली.

म्हणून आमच्या घरी फवारणीचे नियम कडक आहेत. जी गोष्ट गोळीतून मोजून घ्यायची, ती वाऱ्याने न मोजता नाकात गेली तर पंचाईत. बांधाशेजारचे दोघे फवारणीआधी फोन करतात, मग ती दारे लावून आत बसते. फवारणीचे कपडे विहिरीवरच धुतले जातात, अंघोळही तिथेच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. तेव्हापासून हातमोजे आणि मुखपट्टी यांवर मी गावोगाव बोलत आलो होतो. पण स्वतःच्या बांधावर मीच बिनहातमोज्याचा उभा असे. आता नसतो.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो. मला नव्या यंत्रांचा नाद लहानपणापासून. वडिलांचा ट्रान्झिस्टर मी खोलला होता आणि तो पुन्हा कधी गायला नाही. सौ. म्हणते, "तुम्हाला यंत्र नको असते, तुम्हाला खोके उघडायचे असते." निदान झाले आणि माझ्या नादाला निमित्तच मिळाले. पहिल्या वर्षी घरात कपडे धुण्याचे यंत्र आले, कणीक मळण्याचे आले, घरगुती गिरणी आली. हे सगळे उपयोगी पडले. मग मी मोठ्या हौसेने चपाती दाबून भाजणारे विजेचे यंत्र आणले आणि जाहीर केले, "आजपासून तुझी भाकरी थापण्यातून सुटका."

ती मंगळवेढ्याकडची. मालदांडी ज्वारीची भाकरी तिच्या हाताने अशी फुगते की पाहत राहावे. ज्वारीत गव्हासारखे ग्लूटेन नसते, पिठाला ताण नसतो. ते गरम पाण्यात, तळहाताच्या जोरावर आणि अंदाजावरच एकजीव होते. कृषी पदवीधराला एवढे कळायला हवे होते. यंत्रातून जे बाहेर आले त्याला उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारख्या भेगा पडल्या होत्या. मी हसलो, ती हसली नाही. तिने यंत्र पुसले, खोक्यात घातले आणि म्हणाली, "मला दिवसाला मोजके बळ मिळते. ते कशाला घालवायचे, एवढे तरी मला ठरवू द्या की."

त्या दिवशी रात्री आम्ही बसून बोललो. तिने सांगितले : वेणी सोडली, शेजारची पोरगी घालून देईल. कपडे, केरवारे, दळण, कणीक यंत्रावर गेले तरी चालेल. सकाळची देवपूजा, दोन भाकरी आणि डाळिंबाचे पाणी या तीन गोष्टी तिच्या. मग मी यंत्रे आणायची ती या तिन्हींना बळ उरावे म्हणून. आता ती सहाची गोळी घेते, अर्ध्यापाऊण तासाने गोळीचा अंमल चढला की ओट्याशी उंच स्टुलावर बसते आणि दोन भाकरी थापते. तिसरी थापत नाही. मला तिसरी हवी असली तर चपाती.

डाळिंबाच्या पाण्याचे मात्र अडले होते. अडीच एकर बाग ठिबकवर. मी नोकरीत, त्यामुळे वीस वर्षे पाण्याचा कारभार तिचाच. विहीर घरापासून लांब. चालणे कमी झाले आणि कारभार गड्याच्या हाती गेला. कधी पाणी जास्त, कधी कमी, फळे तडकू लागली. मग मी मोटरीला मोबाईलवर चालणारा स्टार्टर बसवला. पेटीत सिमकार्ड असते. फोन लावायचा, आकडा दाबायचा, मोटर सुरू. फेज गेला किंवा पंप कोरडा चालला तर मोटर बंद होते आणि तसा निरोप येतो. खरे तर रात्रीच्या लाईटला विंचूकाट्यातून जावे लागू नये म्हणून मी तो माझ्यासाठीच आणला होता. तिने नंबर मागून घेतला. खाटेवर पडल्या पडल्या आकडा दाबला आणि लांबून हौदात पाणी पडल्याचा आवाज आला. पुन्हा बंद. पुन्हा चालू. नुसती गंमत म्हणून! (वाचकांनी असे करू नये, सारखी चालू-बंद केल्याने मोटर जळते. त्या रात्री मी हे बोललो नाही.) आता व्हॉल्व्ह गडी फिरवतो, पण कोणता आणि किती वेळ, ते वहीत बघून ती सांगते.

दुसरी गंमत फोनवर बोलून लिहिण्याची. बोटे थकतात म्हणून मुलाने तिला ते शिकवले. ती बोलते, फोन अक्षरे उमटवतो. सकाळी झकास चालते. संध्याकाळी टाळू थकते, आवाज नाकात जातो, 'ब'चा 'म' होतो. एकदा मुलाला पुण्याला निरोप गेला, "मांजरी निवडली, दळून आणते." त्याचा घाबरून फोन! बाजरी होती ती. तेव्हापासून घरात 'मांजरी' हा परवलीचा शब्द झाला. संध्याकाळी सातला मांजरी आली तर आम्ही हसतो आणि ती बोलणे थांबवून पडते.

२०२३ च्या भाद्रपदात मांजरी दुपारी बारालाच आली. मी तालुक्याला बैठकीत होतो. निरोपात एक शब्द धड नव्हता. बैठक सोडून घरी आलो. आदल्या दिवशी ताप होता म्हणून एके ठिकाणी तिला इंजेक्शन दिले होते, जेंटामायसिनचे. या आजारात ते वर्ज्य. देणाऱ्यांना आजार ठाऊक नव्हता. दोष माझा अधिक. चालणार नाहीत अशा औषधांची यादी डॉक्टरांनी कार्डावर लिहून दिली होती आणि ते कार्ड मी घराच्या कागदपत्रांबरोबर कपाटात जपून ठेवले होते. काही प्रतिजैविके, मॅग्नेशियमचे इंजेक्शन, हृदयाच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या अशी ती यादी आहे. आता तिच्या पर्समध्ये एक, माझ्या पाकिटात एक, गाडीत एक.

बोटाला लावून प्राणवायू मोजायचे यंत्र करोनाच्या वर्षापासून घरात होतेच. लावले. ९७ आले. मला हायसे वाटले. मग डॉक्टरांनी शिकवलेली बिनयंत्राची तपासणी केली : भरपूर श्वास घ्यायचा आणि एका श्वासात, सेकंदाला दोन या चालीने आकडे मोजायचे. निरोगी माणूस पन्नासच्या आसपास जातो. वीसच्या आत आले तर थांबायचे नाही, असे त्यांनी बजावले होते. ती चौदावर थांबली.

यंत्र ९७ म्हणत होते आणि मला यंत्रावर विश्वास ठेवायचा होता. आयुष्यभर तेच केले होते. तिला बोलता येत नव्हते. तिने खुंटीवरच्या गाडीच्या किल्लीकडे बोट केले.

पुढे डॉक्टरांनी समजावले, की छातीचे स्नायू थकत असतानाही तो आकडा शेवटपर्यंत चांगला दिसू शकतो. तो खाली येतो तेव्हा वेळ हातातून गेलेली असते. पाच दिवस शिरेतून औषध चालले, लोकांच्या रक्तद्रवातून काढलेले आणि सोन्याच्या मोलाचे. दोन कालवडी विकल्या, पतसंस्थेकडे गेलो. कृत्रिम श्वासाची नळी घालावी लागली नाही, कारण आम्ही दुपारीच निघालो होतो. रात्रीपर्यंत थांबलो असतो तर, हे मी मनात पुरे होऊ देत नाही.

ज्यांच्या घरी असा वेगळा, नाव न ऐकलेला आजार आहे, अशा घरांतून मला मधूनमधून पत्रे येतात. कोणते यंत्र घ्यावे, असे विचारतात. माझे उत्तर असे, की आधी रोग्याला विचारा, कोणते काम तुला सोडायचे नाही. ते ठेवून बाकीच्यांसाठी यंत्र घ्या. कोंबड्याचा गजर फुकट आहे, तो आधी लावा. दर चार तासांचा असेल तर घरातल्या दोघांच्या फोनवर लावा. आणि खोके फेकू नका, सौ.च्या मते मी निम्मी यंत्रे परतच पाठवायला हवी होती. चपातीचे यंत्र अजून माळ्यावर आहे. कोणाला हवे असेल तर घेऊन जा.

रात्री दहाची गोळी झाली की आम्ही आकडे मोजतो. मी ते पाण्याच्याच वहीत, शेवटच्या पानापासून उलटे लिहीत येतो : तारीख, आकडा, मांजरी किती वाजता आली. पुढून डाळिंबाचे पाणी, मागून तिचा श्वास. दोन्हीकडून पाने भरत वहीच्या मध्यावर येत चालली आहेत, नवी आणायला हवी. काल ३१ झाले. बत्तिसाव्याला मी तोंडाकडे टक लावून पाहत होतो म्हणून हसू आले, नाहीतर चाळीस गाठले असते, असे तिचे म्हणणे आहे. वहीत मी ३१ च लिहिले.