पदच नाही, तर हक्क कसला?

राज्यातील अकृषी विद्यापीठे व महाविद्यालयांतील शिक्षकेतर कर्मचारी २० फेब्रुवारी २०२३ पासून बेमुदत संपावर गेले. आश्वासित प्रगती योजना पूर्ववत करा, सातव्या वेतन आयोगापासून वंचित १,४१० कर्मचाऱ्यांना तो लागू करा, रिक्त पदे भरा, या त्यांच्या मागण्या रास्तच होत्या. पण संप करू शकतो तो सेवापुस्तक असलेला माणूस! त्याच आवारात झाडू मारणारा, रोपांना पाणी घालणारा रोजंदार एक दिवस घरी बसला तर मजुरी बुडते आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या जागेवर दुसरा उभा असतो. सोनगीरहून आग्रा रोडने धुळ्याला रोजंदारीवर जाणाऱ्या आमच्या बांधवांना हे आम्ही वेगळे सांगायला नको.

कायदा आहे. कामगाराला कायमपणाचे लाभ मिळू नयेत या हेतूने वर्षानुवर्षे बदली वा तात्पुरता ठेवणे, ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने अनुचित कामगार प्रथा ठरवली (अनुसूची ४, बाब ६). राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातील रोजंदार मजूर याच बाबीवर लढले. उच्च न्यायालयापर्यंत अनुचित प्रथा सिद्ध मानली गेली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने मात्र तो ठपका पुसला. कारण काय, तर मंजूर पदेच नव्हती आणि पदे निर्माण करणे विद्यापीठाच्या हातात नव्हते. म्हणजे राबवून घेणारे विद्यापीठ निर्दोष, पदे न देणारे शासन नामानिराळे, आणि उन्हात राबणारा तेवढा उघड्यावर! तेही जोतीरावांच्या नावाच्या विद्यापीठात. धुळ्याचे कृषी महाविद्यालय याच विद्यापीठाचे आहे, हे येथे लक्षात घ्यावे.

पुढे २००९ मध्ये कास्ट्राईबच्या एस. टी. कर्मचारी संघटनेने गाड्या धुणाऱ्या सफाई कामगारांचा खटला सर्वोच्च न्यायालयात जिंकला. उमादेवी निकालाने (२००६) औद्योगिक न्यायालयाचे कायम करण्याचे अधिकार हिरावले गेलेले नाहीत, असे न्यायालयाने बजावले. आपल्या चळवळीतल्या संघटनेचे हे मोठेच काम. तरी अट राहिलीच: ज्या पदावर माणूस राबतो ते पद अस्तित्वात असले पाहिजे.

सारी मेख या पदात आहे. पद नसेल तर बिंदुनामावली नाही, बिंदुनामावली नसेल तर आरक्षण नाही. ठेकेदाराच्या यादीला कोण रोस्टर विचारतो? बाह्ययंत्रणेमार्फत भरतीचा ६ सप्टेंबर २०२३ चा शासन निर्णय जनक्षोभामुळे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रद्द करावा लागला. निर्णय गेला, ठेकेदार राहिला.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील उच्च शिक्षण सेवा आयोगाच्या रोजंदारांना न्याय दिला. आयोग पदे मागत होता, शासन पैशाची अडचण सांगत होते. न्यायालयाने ती सबब झिडकारली, गरज पडल्यास अधिसंख्य पदे निर्माण करून त्यांना कायम करा, असा आदेश दिला. राहुरीच्या मजुरांना हवे होते ते नेमके हेच.

तेव्हा विद्यापीठीय संघटनांच्या संपाच्या पुढच्या नोटिशीत पदमंजुरीची मागणी पहिली यायला हवी आणि रोजंदारांना सभासद करून घ्यायला हवे. संपाला गुन्हा ठरवू पाहणाऱ्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ चा संप बाबासाहेबांनी इतर कामगार संघटनांना सोबत घेऊनच केला होता. रोजंदार बांधवांनीही हजेरीच्या चिठ्ठ्या, मजुरीच्या पावत्या, पासबुके आजपासून जपावीत. अनेक पक्षकार आमच्याकडे पंधरा वर्षांची नोकरी घेऊन येतात आणि कागद एक नसतो.