ज्याची उधारी, त्याला इशारा

कंपन्यांची माहिती पुरवणाऱ्या ऑनलाइन सेवा आता औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या कारखानदारापर्यंत पोहोचल्या आहेत. कंपनी व्यवहार मंत्रालयाकडच्या नोंदी, जीएसटी विवरणपत्रांची स्थिती, न्यायाधिकरणांचे आदेश, मालमत्तेवरचे बोजे हे सारे एके ठिकाणी गोळा करायचे आणि त्यात काही बदलले की ग्राहकाला कळवायचे, हा त्यांचा व्यवसाय. तो गरजेचा आहे. उधारीवर माल देण्याआधी समोरची पार्टी कशी आहे हे कळावे, ही प्रत्येक व्यापाऱ्याची जुनी निकड. मात्र या सेवांचे ‘खास तुमच्यासाठी’ असलेले अलर्ट कोणत्या तत्त्वावर बांधायचे, याचा विचार अनेकदा उलट्या टोकाने होतो. ग्राहक काय उघडतो, कशावर थांबतो, यावरून त्याची आवड ठरवायची आणि तसेच आणखी पाठवायचे, ही रीत बातम्यांना आणि खरेदीला चालेल. उधारीच्या बाबतीत आवडीनिवडीचा प्रश्नच येत नाही. कोणाचे किती पैसे कुठे अडकले आहेत, एवढेच तिथे पाहायला हवे.

भोसरीतल्या किंवा बुटीबोरीतल्या सुट्या भागांच्या एखाद्या पुरवठादाराचे 18 लाख रुपये एका मोठ्या कंपनीकडे थकले आहेत, असे समजा. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने त्या कंपनीविरुद्धचा दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला, की 2016च्या दिवाळखोरी संहितेनुसार तिच्यावरचे वसुलीचे दावे स्थगित होतात. कोर्टाची वाट बंद होते. मग न्यायाधिकरणाने नेमलेल्या अंतरिम व्यावसायिकाकडे आपला दावा नोंदवणे एवढेच हातात उरते. त्याची मुदत त्या नेमणुकीपासून 14 दिवसांची. पुरवठादारासाठी ‘फॉर्म बी’ आहे. त्याला बिले आणि खातेउतारा जोडावा लागतो. उशिरा येणाऱ्या दाव्यांसाठी नियमांत थोडी सवड आहे, पण तिलाही अंत आहे. निराकरण आराखडा मंजूर झाला, की त्यात नसलेले दावे संपुष्टात येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने 13 एप्रिल 2021 रोजी घनश्याम मिश्रा अँड सन्स प्रकरणात स्पष्ट केले आहे. या प्रक्रियेची जाहीर सूचना एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेतल्या वृत्तपत्रात द्यावी लागते. पण ती कंपनीचे कार्यालय जिथे असेल तिथल्या वृत्तपत्रात येते. नोंदणीकृत कार्यालय दिल्लीत किंवा चेन्नईत असेल, तर भोसरीच्या पुरवठादाराला ती दिसेलच याची खात्री नाही. त्यामुळे मोबाइलवरचा अलर्ट ही त्याच्यासाठी चैन उरत नाही.

आणि नेमक्या त्या दिवशी त्याला काय येते? ‘आपण फॉलो करत असलेल्या कंपनीत नवा बदल. पाहण्यासाठी क्लिक करा.’ याआधी त्याच कंपनीचे वार्षिक विवरणपत्र, बदललेला पत्ता, नवा संचालक, नवा लेखापरीक्षक यांचे निरोप त्याच शब्दांत येऊन गेलेले असतात. दरवेळी उघडून कामाचे काही निघाले नाही, म्हणून तो उघडणे सोडून देतो. क्लिकवरून शिकणारी यंत्रणा मग असे धरते, की याला या कंपनीत रस नाही, आणि तिचे निरोप आणखी खाली ढकलते. पार्टी बुडण्याचा प्रसंग छोट्या पुरवठादारावर रोज येत नाही. जे क्वचित घडते पण घडले तर कंबरडे मोडते, ते रोजच्या सवयीच्या नोंदींतून यंत्रणेला शिकता येणार नाही.

हाच निरोप असा लिहिता येतो : ‘तुमचे 18 लाख रुपये जिच्याकडे येणे आहेत, त्या कंपनीची दिवाळखोरी प्रक्रिया 3 तारखेला सुरू झाली. दावा 17 तारखेपर्यंत फॉर्म बीमध्ये द्यायचा आहे. अंतरिम व्यावसायिकाचा पत्ता, जाहीर सूचना आणि कोरा फॉर्म सोबत आहे. नवा माल पाठवण्याआधी तुमच्या सीएंशी बोला.’ या चार वाक्यांत रक्कम आहे, मुदत आहे, मूळ कागद आहे आणि पुढे काय करायचे तेही आहे. असा अलर्ट पाठवायला फार मोठ्या बुद्धिमान यंत्रणेची गरज नाही. ग्राहकाची येणी आणि देणी माहीत असली, की पुरे.

इशाऱ्यांची गर्दी किती महाग पडते, हे कारखान्यांच्या जगाने आधीच भोगले आहे. 24 जुलै 1994 रोजी वेल्समधील मिलफर्ड हेवन येथे टेक्साकोच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला. त्याआधीच्या शेवटच्या 11 मिनिटांत नियंत्रण कक्षातल्या दोघा ऑपरेटरांपुढे 275 अलार्म येऊन पडले होते. त्यातले महत्त्वाचे कोणते, हे निवडायला त्यांना उसंतच नव्हती. पुढे 1999 साली ब्रिटनमध्ये अलार्म यंत्रणांसाठी मार्गदर्शिका निघाली. सुरळीत कामकाजात एका ऑपरेटरला सरासरी 10 मिनिटांत एकाहून अधिक अलार्म येऊ नये, आणि प्रत्येक अलार्मला ऑपरेटरने काय करायचे हे आधीच ठरलेले असावे, ही तिची दोन सूत्रे. ज्यावर काही करायचे नाही, तो अलार्मच नव्हे. व्यवसायाच्या माहितीचे अलर्ट घडवणाऱ्यांनी हे दुसरे सूत्र जसेच्या तसे उचलावे. बाकीची माहिती आठवड्याच्या एका पत्रकात जाऊ द्या.

एकाच कारखान्यातही माणसागणिक अलर्ट वेगळा हवा. ज्याच्याकडून कच्चा माल घेतो त्याची जीएसटी नोंदणी रद्द झाली, हे खरेदी पाहणाऱ्याला पुढची ऑर्डर देण्याआधी कळले पाहिजे. त्याच पुरवठादाराने कर भरल्याचे 3बी विवरणपत्र दिलेले नाही, ही अकाउंटंटची काळजी. आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या 30 सप्टेंबरपर्यंत पुरवठादाराने ते भरले नाही, तर खरेदीदाराला त्या बिलांवर घेतलेली करवजावट 30 नोव्हेंबरपर्यंत परत करावी लागते. अकाउंटंटला ही यादी ऑगस्टमध्येच हवी, म्हणजे पुरवठादाराच्या मागे लागायला, त्याचे पुढचे पैसे रोखून धरायला वेळ मिळतो. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आलेला तोच अलर्ट फक्त नुकसान कळवतो. तेव्हा अलर्ट कधी पाठवायचा, हे माहिती हाती आल्याच्या दिवसावरून ठरवू नये; कृतीच्या शेवटच्या तारखेवरून मागे मोजत यावे.

यात हयगय खपणार नाही अशा काही गोष्टी आहेत. पहिली ओळखीची. सारख्या नावांच्या कंपन्या आपल्याकडे ढिगाने आहेत. नाव जुळले म्हणून दिवाळखोरीचा इशारा गेला, तर एका निर्दोष कंपनीचा माल अडतो आणि बाजारातली पत जाते. कंपनीचा 21 अक्षर-अंकी ओळख क्रमांक किंवा 15 अक्षर-अंकी जीएसटी क्रमांक जुळल्याशिवाय असा इशारा निघताच कामा नये. दुसरी तारखांची. संचालक बदलल्याची नोंद करायला कंपनीला 30 दिवस मिळतात. बदल कधी झाला, नोंद कधी झाली आणि सेवेच्या नजरेस कधी आले, या तिन्ही तारखा निरोपात असल्या पाहिजेत. नाहीतर महिन्याभराची शिळी गोष्ट ताजी म्हणून वाचली जाते. तिसरी गोष्ट शांततेची. अलर्ट आला नाही, याचा अर्थ काही घडले नाही असा ग्राहक घेतो. सरकारी संकेतस्थळ बंद असल्याने माहिती घेताच आली नसेल, तर तेही कळवणे हे सेवेचे कर्तव्य आहे.

येण्या-देण्यांची यादी कोणाच्या हाती द्यायची, ही कारखानदाराची शंका रास्त आहे. त्या यादीवरून त्याचा सगळा धंदा वाचता येतो. ती दुसऱ्या कोणाला विकणार नाही, तिच्यावरून त्याच्या स्पर्धकाला सल्ला देणार नाही, आणि सेवा सोडताच ती पुसून टाकू, हे करारात लेखी यायला हवे. रक्कम सांगायची नसेल, तर ‘मोठी’, ‘मध्यम’, ‘किरकोळ’ एवढ्यावरही काम भागते. ब्रिटनच्या कंपनी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर कोणीही एखादी कंपनी ‘फॉलो’ करू शकतो, आणि तिने नवा कागद दाखल केला की ईमेल येतो, तोही फुकट. कागद आल्याची वर्दी सरकारच जिथे विनामूल्य देते, तिथे खासगी सेवेला तेवढ्याच वर्दीचे पैसे मागता येत नाहीत. तो कागद या ग्राहकाला किती झोंबणार आणि कधीपर्यंत हालचाल करायला हवी, हे सांगण्याचे पैसे तिने घ्यावेत.

आणि हे सारे मराठीत हवे. दिवाळखोरीची जाहीर सूचना प्रादेशिक भाषेतही द्यावी, असे नियम सांगतो, कारण ज्याचे पैसे अडकले त्याला ती समजली पाहिजे. मोबाइलवरच्या निरोपाला हाच न्याय लागू आहे.

अशा सेवांनी आपले यश किती अलर्ट उघडले गेले यावर मोजणे थांबवावे. ग्राहकाला मुदतीआधी कळायला हवी होती आणि कळली नाही, अशी एकेक घटना मोजावी आणि तिची जबाबदारी घ्यावी. वर्षाची वर्गणी भरण्याआधी कारखानदारांनीही विक्रेत्याकडे एक नमुना मागावा : आपली सर्वांत मोठी उधारी असलेली कंपनी उद्या दिवाळखोरीत गेली, तर मला नेमका कोणता निरोप येईल? त्या निरोपात तारीख आणि करायचे काम नसेल, तर पैसे भरू नका.